तोंडाचा कर्करोग, डीएनए दुरुस्ती आणि नॅनोकण: प्लेटमध्ये जमतं ते गालात का जमत नाही?

काथचुना (धागाकर्ता)

तोंडाच्या कर्करोगावर नॅनोकणांचा कुठलाही शोधनिबंध उघडा, गोष्ट साधारण एकच. सोन्याचे, चांदीचे नाहीतर पॉलिमरचे कण, आत सिस्प्लॅटिन (प्लॅटिनमचं केमो-औषध), ओलापॅरिब (पार्प हा दुरुस्तीचा एन्झाइम रोखणारं औषध) किंवा करक्युमिन (हळदीतलं). प्रयोगशाळेच्या प्लेटमध्ये पेशी वाढवल्या, कण टाकले, ४८ तासांत बहुतेक पेशी गारद. निष्कर्षात ठरलेलं वाक्य: डीएनएची हानी वाढली आणि दुरुस्ती रोखली गेली.

दवाखान्यात मात्र अजून शस्त्रक्रिया, सहा-सात आठवडे रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या चाचण्यांनी उपचारात खरे बदल घडवले: मानेतल्या गाठी वाट न पाहता पहिल्याच शस्त्रक्रियेत काढणं (२०१५), दर आठवड्याच्या ३० मिग्रॅपेक्षा तीन आठवड्यांनी १०० मिग्रॅ सिस्प्लॅटिन सरस (२०१८), सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्यांना रेडिएशनसोबत आठवड्याला १५ मिग्रॅ डोसिटॅक्सेल (२०२३). हे सगळे डोस शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रति चौरस मीटर. यात नॅनोकण कुठेच नाहीत.

तर प्रश्न असे. तंबाखू-सुपारीच्या कर्करोगात नेमकी कुठली दुरुस्ती महत्त्वाची? 'दुरुस्ती रोखली' हे सिद्ध कसं करतात? आणि माणसापर्यंत खरोखर काय पोचलंय? माझं मत आधीच सांगतो: घोडं रसायनशास्त्रात अडलेलं नाही, कण जागेवर पोचवण्यात अडलंय.

पेशीनाथ

चांगला धागा. पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तंबाखू, सुपारी आणि चुना तिघं मिळून तीन वेगळ्या तऱ्हेची हानी करतात. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, तशा लाळेत सुपारीतली पॉलिफेनॉल्स आपोआप ऑक्सिडाइझ होऊन सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. सुपारीत तांबं भरपूर असतं, ते यात भर घालतं. परिणाम म्हणजे ग्वानिनचं (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) ८-ऑक्सोग्वानिन. हे एकेक अक्षर काढून बदलणारी व्यवस्था म्हणजे बेस एक्सिजन दुरुस्ती, तिथला पहिला एन्झाइम ओजीजी१.

तंबाखूतलं एनएनके हे कर्करोगकारक रसायन ग्वानिनवर मिथाइल चिकटवतं. ते एमजीएमटी नावाचं प्रथिन स्वतःवर ओढून घेतं आणि त्यातच निकामी होतं. म्हणजे एक दुरुस्ती, एक प्रथिन खर्च. दिवसभर तोंडात बार असेल तर साठा पुरत नाही. शिवाय एनएनके आणि त्याचं भावंड एनएनएन या दोघांचे जाडजूड तुकडे डीएनएला चिकटतात, ते न्यूक्लिओटाइड एक्सिजन दुरुस्तीने निघतात.

आता गंमत अशी, की कर्करोग होण्याआधी ही दुरुस्ती हवी असते आणि झाल्यावर नको असते. सिस्प्लॅटिनची बहुतेक हानी एकाच पदरावरच्या शेजारच्या दोन अक्षरांना बांधून होते. ती काढणारी व्यवस्था तीच, न्यूक्लिओटाइड एक्सिजन, आणि तिथला ईआरसीसी१-एक्सपीएफ जोड. दोन्ही पदर एकमेकांना बांधणारे जोड टक्क्यात मोजकेच, पण जास्त घातक. ते फॅन्कोनी मार्गाने सुटतात. हाच मार्ग जन्मतः बिघडलेला असेल (फॅन्कोनी अनिमिया) तर डोकं-मानेच्या कर्करोगाचा धोका कित्येक शे पटींनी वाढतो, आणि त्यातही तोंड आघाडीवर. तंबाखूला हात न लावता. अशा रुग्णाला सिस्प्लॅटिन दिलं तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

वऱ्हाडी_पाहुणा

आमच्याकडचा खर्रा विसरले का जी? प्लास्टिकच्या पन्नीवर घोटतात तो. सुपारी, तंबाखू, चुना तिन्ही एकाच पुडीत, वरून प्लास्टिक फ्री.

भौतिकी_मास्तर

रेडिएशनची बाजू. १ ग्रे (किरणमात्रेचं एकक) मात्रेत एका पेशीत साधारण १००० एकपदरी तुटी आणि ३०-४० दोनपदरी तुटी होतात. एकपदरी सहज जुळतात. पेशी मरते ती न जुळलेल्या किंवा चुकीच्या जुळलेल्या दोनपदरी तुटीमुळे. रोजचा हप्ता २ ग्रे. शस्त्रक्रियेनंतर ६० ग्रे ३० हप्त्यांत, शस्त्रक्रिया नसेल तर ७० ग्रे ३५ हप्त्यांत. हप्ते पाडण्यामागे निरोगी पेशींना मधल्या २४ तासांत दुरुस्तीला वेळ मिळावा हाही हेतू आहे. म्हणजे 'दुरुस्ती रोखणारं औषध' गालाच्या चांगल्या भागातही गेलं तर हप्ते पाडण्याचा फायदाच संपतो.

रेणुका_बी

मास्तरांचा मुद्दा पुढे नेते, कारण धाग्याचं मर्म तिथेच आहे.

ओलापॅरिब अंडाशयाच्या कर्करोगात ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा देतात. तेच डोकं-मानेच्या कर्करोगात रेडिएशन आणि सेटुक्सिमॅब या अँटिबॉडी-औषधाबरोबर देऊन पाहिलं, तेव्हा पुढच्या टप्प्यासाठी सुचवलेला डोस निघाला २५ मिग्रॅ दोनदा (२०१८). बारावा हिस्सा! तोंडाच्या आतली त्वचा आणि कातडी त्याहून जास्त सोसत नाही. नॅनोकणांचं खरं समर्थन इथे आहे: औषध नवं नको, जुनंच फक्त गाठीत ठेवता आलं पाहिजे.

आणि दुरुस्तीचं बीआरसीए जनुक बिघडलेलं असेल तर ओलापॅरिबसारखा पार्प-रोधक एकटाच पेशी मारतो हे २००५ पासून माहीत आहे, पण गाल-हिरडीच्या कर्करोगात ती बिघाडाची जागा नाही. भारतीय गाल-हिरडीच्या गाठींचा जनुकीय अभ्यास २०१३ मध्ये आला (टाटाचं खारघरचं संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आणि कल्याणीची संस्था). त्यात टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास, नॉच१ ही नावं वर आहेत. पी५३ (टीपी५३चं प्रथिन) गेलं की पेशीचा विभागण्याआधीचा पहिला थांबा, जी१चा, जातो. मग ती दुसऱ्या थांब्यावर म्हणजे एटीआर, सीएचके१, वी१ या प्रथिनांवर विसंबते. त्यामुळे या गाठींसाठी पार्पपेक्षा एटीआर किंवा वी१ रोधक कणात भरणं मला जास्त तर्काला धरून वाटतं. तरी दहातले आठ जण ओलापॅरिबच भरतात. बाजारात सहज मिळतं म्हणून.

शंकासुर

'दहातले आठ' हा आकडा कुठला ताई?

रेणुका_बी

बोलण्यातला, शंकासुरजी. 'पुष्कळ जण' असं वाचा.

गोळीवाला

औषधनिर्माणाच्या बाजूने दोन गोष्टी. या धाग्यावर कोणी प्रबंध करत असेल तर उपयोगी पडतील.

सिस्प्लॅटिन डीएमएसओमध्ये (सल्फर असलेलं द्रावक) विरघळवू नका. सल्फर प्लॅटिनमला चिकटतं, क्लोराइड सुटतं, आणि हातात सिस्प्लॅटिन उरतच नाही. २०१४ च्या सुमारास यावर बराच गाजावाजा झाला, तरी अजून 'डीएमएसओ स्टॉक' वाचायला मिळतो. ०.९ टक्के सलाइनमध्ये बनवा, साधारण १ मिग्रॅ प्रति मिली एवढंच विरघळतं. सलाइनच का? क्लोराइड भरपूर असलं की औषध पेशीबाहेर शांत राहतं, आत क्लोराइड कमी म्हणून जागं होतं. अ‍ॅल्युमिनियमची सुई वापरू नका, काळा साका बसतो.

आता पीएलजीए (शरीरात विरघळून जाणारं पॉलिमर) कण. साधी तेल-पाण्यातली पद्धत अशी: ५० मिग्रॅ पीएलजीए २ मिली एथिल अ‍ॅसिटेट किंवा डायक्लोरोमिथेनमध्ये, हे ८ ते १० मिली १-२ टक्के पीव्हीए (कण सुटे ठेवणारं पॉलिमर) द्रावणात, बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटर १ ते २ मिनिटं थांबत-थांबत. मग उघड्या चंचुपात्रात ३-४ तास ढवळून सॉल्व्हंट उडवायचा, सेंट्रिफ्यूज करून पाण्याने तीन वेळा धुवायचं. ओलापॅरिब पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते या पद्धतीत नीट अडकतं. सिस्प्लॅटिन पाण्यात पळून जातं. त्याला दुहेरी इमल्शन हवं किंवा प्लॅटिनम(४)चं चरबीत विरघळणारं पूर्वऔषध बनवून घ्यायला हवं. पुष्कळांना 'एन्कॅप्सुलेशन (कणात अडकलेलं औषध) ५ टक्के' येतं ते या एका कारणाने.

चुका कुठे होतात? ट्रेहॅलोज साखर न घालता फ्रीझ-ड्राय केलं की कणांची ढेकळं होतात, पुन्हा सुटत नाहीत. ५ टक्के घाला. ऑटोक्लेव्ह केलंत तर पीएलजीए मोडतं. ०.२२ मायक्रॉन गाळणीतून गाळायचं म्हटलं तर १८०-२०० नॅनोमीटरचे कण गाळणीवरच बसतात आणि आपण 'निर्जंतुक कण' समजून पाणी वापरतो. आणि घासलेली प्रोब टोकाला टायटॅनियमची पूड सोडते, तीही शेवटी तुमच्या कणांत.

सह्यकडा

+१. वाचनखूण साठवली.

पेशीनाथ

गोळीवाले, उत्तम. आता धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे 'दुरुस्ती रोखली' हे कसं दाखवायचं.

बहुतेक जण गॅमा-एचटूएएक्सचे ठिपके मोजतात. तुटीच्या आसपास हिस्टोनवर फॉस्फेट बसतं, अँटिबॉडीने ते ठिपक्यासारखं दिसतं. पण एकाच वेळेला मोजलेले ठिपके जास्त आले तर त्याचे दोन अर्थ निघतात: हानी जास्त झाली किंवा दुरुस्ती कमी झाली. वेगळं करायला वेळांची मालिका लागते. रेडिएशननंतर अर्धा तास, १, ४ आणि २४ तास. अर्ध्या तासाचा आकडा कणांसह आणि कणांशिवाय सारखा, आणि २४ तासांनी कणवाल्या पेशींत शिल्लक जास्त, तर दुरुस्ती रोखली म्हणा. अर्ध्या तासालाच जास्त असेल तर कणांनी मात्रा वाढवली किंवा कण स्वतःच हानी करतायत.

शिवाय केंद्रक अख्खं भरून चमकत असेल तर ते ठिपक्यांत मोजायचं नाही. ती मरायला निघालेली पेशी असते किंवा प्रतिकृतीत अडकलेली. ५३बीपी१ (दोनपदरी तुटीपाशी जमणारं प्रथिन) सोबत रंगवा आणि दोन्ही जिथे एकत्र दिसतील तेवढेच धरा. होमोलोगस दुरुस्तीबद्दल (तुटलेला डीएनए त्याच्या प्रतीवरून जुळवणं) बोलायचं असेल तर त्यातल्या रॅड५१ प्रथिनाचे ठिपके हवेत, तेही जेमिनिन (एस-जी२ ची खूण असलेलं प्रथिन) असलेल्या पेशींत. कारण ही दुरुस्ती पेशीचक्राच्या एस आणि जी२ टप्प्यांमध्येच होते. कणांनी पेशी जी१ मध्ये अडवल्या तर रॅड५१ आपोआप कमी दिसेल, दुरुस्तीशी काही संबंध नसताना.

खडूफळा

कॉमेट चाचणीचं काय, ज्यात तुटका डीएनए जेलमध्ये धूमकेतूसारखी शेपूट काढतो? आमच्याकडे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही.

पेशीनाथ

कॉमेट चालेल, पण कणांबरोबर जपून. पद्धत थोडक्यात: स्लाइडवर १ टक्का साध्या अ‍ॅगरोजचा थर, वाळवून. त्यावर पेशी ०.५ ते ०.७ टक्के लो-मेल्ट अ‍ॅगरोजमध्ये ३७ अंशांवर. लायसिस द्रावण २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०. ट्रायटॉन १ टक्का आयत्या वेळी घालायचं. ४ अंशांवर किमान तासभर. मग ३०० मिलिमोलर कॉस्टिक आणि १ मिलिमोलर ईडीटीए, पीएच १३ च्या वर, २० ते ४० मिनिटं पदर सुटायला. त्याच द्रावणात टाकीत सेंटिमीटरमागे ०.७ ते १ व्होल्ट, २०-३० मिनिटं. साधारण २५ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअर. करंट जास्त झाला तर द्रावण थोडं काढा, व्होल्टेजला हात लावू नका. सगळं मंद पिवळ्या उजेडात.

अडचण ही, की लायसिसनंतर डीएनए उघडा पडतो आणि पेशीत असलेले कण त्यालाच चिकटून राहतात. मग तुटी पेशी जिवंत असताना झाल्या की जेलमध्ये झाल्या ते कळत नाही. टायटॅनियम डायऑक्साइड असेल आणि ट्यूबलाइट चालू असेल तर जेलमध्येच होतात. यावर उपाय एक जास्तीचं नियंत्रण: कण न दिलेल्या पेशी जेलमध्ये बसवा आणि कण लायसिसच्या आधी जेलवर टाका. शेपूट दिसली तर चाचणी त्या कणांसाठी बाद.

जबडातोड

खडूफळा, रुग्णाच्या गालातून खरवडलेल्या पेशींवर कॉमेट करायचा विचार असेल तर सोडा. त्या बहुतेक मेलेल्या, केराटिन भरलेल्या असतात. साध्या लायसिसने फुटत नाहीत, प्रोटिनेझ द्यावं लागतं आणि मग सगळ्याच धूमकेतू होतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्या. गालाच्या पेशींवर मायक्रोन्यूक्लियस (केंद्रकाबाहेर सुटलेले डीएनएचे छोटे गोळे) मोजा. त्यासाठी फ्युल्गेन रंग वापरा, जीम्सा नको. जीम्सात केराटिनचे दाणे मायक्रोन्यूक्लियससारखे दिसतात आणि मशेरी लावणाऱ्यांचा आकडा भलताच फुगतो. माणशी १००० ते २००० पेशी मोजल्या नाहीत तर तुलनेला अर्थ नाही.

शंकासुर

सगळं खरं. पण मूळ रोग वेगळाच आहे. 'तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी' म्हणून जी केबी पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या पेशी) वापरतात, ती तोंडाची नाहीच. हेला आहे, गर्भाशयमुखाची. १९५५ ची जुनी भेसळ, पेशीसंग्रहांनी कधीच जाहीर केलेली. आत एचपीव्ही-१८ विषाणू बसलाय. त्याचं ई६ प्रथिन पी५३ पाडतं. म्हणजे ज्या गाल-हिरडीच्या कर्करोगात पी५३ उत्परिवर्तनाने जातं आणि एचपीव्हीचा वाटा अगदी कमी, त्याचा अभ्यास आपण एचपीव्हीवाल्या गर्भाशयमुखाच्या पेशीवर करतोय. आणि विषय काय, तर डीएनए दुरुस्ती! अशा निबंधांचा ढीग आहे, त्यातही झाडपाल्याच्या रसातून चांदीचे कण बनवणाऱ्यांचा.

वऱ्हाडी_पाहुणा

म्हणजे दुखतं दाढेला आन् पट्टी गुडघ्याला.

रेणुका_बी

शंकासुरजींशी पूर्ण सहमत (नोंद घ्यावी, रोज होत नाही). पर्याय आहेत. जिभेच्या कॅल २७, एससीसी-४, एससीसी-९, एचएससी-३. मुंबईतच तयार झालेली जिभेची एडब्ल्यू१३५१६. आणि तंबाखू खाणाऱ्या रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींपासून अ‍ॅक्ट्रेकने बनवलेल्या पेशीरेषा. फाडू घशाची आहे, तोंडाची नाही, हेही लक्षात असू द्या. कुठलीही घ्या, आधी एसटीआर तपासणी (पेशींची डीएनएवरून ओळख पटवणं).

एमटीटीबद्दलही (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) सांगते. जांभळा फॉर्माझान ५७० नॅनोमीटरला वाचतात. सोन्याचे कण ५२० च्या आसपास शोषतात आणि गोळा झाले की आणखी वर सरकतात. कण स्वतःच एमटीटीचं रूपांतरही करू शकतात. पेशीविरहित, फक्त कण असलेला कप्पा प्लेटमध्ये नसेल तर तो आलेख वाचू नये. रेडिएशनच्या बाबतीत तर एमटीटी मुळातच चुकीचं हत्यार. मार खाल्लेली पेशी दोन-तीन दिवस श्वास घेत राहते, विभागत नाही. वसाहती मोजा: १० ते १४ दिवस, क्रिस्टल व्हायोलेट, ५० पेशींहून मोठी तीच वसाहत.

शंकासुर

रोज होत नाही ते तुमच्यामुळे, माझ्यामुळे नाही.

सोनसाखळी

अवांतर: सोन्याच्या नॅनोकणांवर एवढी चर्चा चाललीय तर विचारते, सुवर्णभस्म म्हणजे तेच ना? मग आपल्याकडे हे हजार वर्षं आहेच की.

गोळीवाला

नाही हो. तपासलेल्या काही भस्मांत सोन्याचे स्फटिक नॅनो मापाचे निघालेत, पण ते एकमेकांना चिकटून मायक्रॉनचे गोळे झालेले असतात. पोटातून घेतले तर गाठीपर्यंत जाणं कठीणच. रेडिएशनसाठी जे कण वापरतात त्यांच्यावर थायॉल-पीईजी या पॉलिमरचा थर असतो, नाहीतर रक्तातल्या मिठाने तेही गोळा होतात. प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं: टर्केविच पद्धतीने (१ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल १०० मिली उकळतं ठेवून त्यात ३८.८ मिलिमोलर सोडियम सायट्रेट १० मिली एकदम ओतायचं) सुमारे १३ नॅनोमीटरचे कण येतात, रंग वाइनसारखा लाल. त्यात थेंबभर सलाइन टाका, क्षणात निळं-जांभळं. पीईजी नीट बसलं असेल तर लालच राहतं. भांडी आधी अ‍ॅक्वा रेजियाने धुतलेली हवीत, नाहीतर काचेवर सोनं चढतं.

भौतिकी_मास्तर

सोन्यावर आलोच आहोत तर हिशोब मांडतो. २००४ चा गाजलेला उंदरांचा प्रयोग: १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण शिरेतून, किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत, मग २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण. वर्षभर जगलेले उंदीर ८६ टक्के, नुसत्या क्ष-किरणांत २० टक्के. हाच डोस ६० किलोच्या माणसाला लावला तर १६२ ग्रॅम सोनं. सराफाच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने सोळा तोळे.

सोनसाखळी

सोळा तोळे शिरेतून?? लग्नात घालत नाही कोणी एवढे.

पेशीनाथ

मास्तर, उंदराचा डोस किलोवर किलो लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठफळाने बदलायचा, उंदीर ते माणूस १२.३ ने भागायचं. २२० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १३ ग्रॅम. सव्वा तोळ्यावर आलं.

भौतिकी_मास्तर

मान्य. पण डोस कमी झाला तरी अडचण तशीच, कारण किरण बदलतात. सोन्याचा फायदा प्रकाशविद्युत परिणामातून, आणि तो ऊर्जा वाढली की साधारण घनाच्या प्रमाणात घसरतो. सोन्याची के-कडा (जिथे हे शोषण एकदम उडी घेतं) ८०.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. रुग्णाला देतात ते ६ मेगाव्होल्ट लिनॅकचे (रेडिएशन यंत्राचे) किरण, तिथे कॉम्प्टन विखुरण्याचं राज्य, सोनं आणि पाणी यांत वजनामागे फारसा फरक राहत नाही. तरी ६ मेगाव्होल्टवर पेशींमध्ये परिणाम दिसतो, आणि तो भौतिक हिशोबापेक्षा जास्त असतो. तिथेच जैविक कारणं येतात: ऑक्सिडेटिव्ह ताण, पेशीचक्र अडणं, दुरुस्ती मंदावणं. म्हणून पेशीनाथांची २४ तासांची मालिका महत्त्वाची.

काथचुना

वा, धागा भरकटूनही मुद्द्यावरच आहे. तिसरा प्रश्न राहिला. माणसापर्यंत काय पोचलं?

रेणुका_बी

दोन ठळक नावं.

एक, हाफ्नियम ऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण, एनबीटीएक्सआर३, फ्रान्सच्या नॅनोबायोटिक्सचे. शिरेतून नाही, थेट गाठीत सुई, एकदाच, रेडिएशनच्या आदल्या दिवशी. हातापायाच्या सार्कोमात २०१९ मध्ये निकाल आले: शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण मेलेली आढळण्याचं प्रमाण १६ टक्के, नुसत्या रेडिएशनमध्ये ८. त्याच वर्षी युरोपात परवानगीही. तोंड आणि घशाच्या वयस्क रुग्णांत पहिल्या टप्प्यात ठरलेला डोस गाठीच्या आकारमानाच्या २२ टक्के. म्हणजे १० मिली गाठीला २.२ मिली द्रव. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या वयस्क रुग्णांतली तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ मध्ये सुरू झाली. लक्षात घ्या, हे कण दुरुस्ती रोखत नाहीत, गाठीतच मात्रा वाढवतात.

दोन, तोंडात चिकटवायचा सिस्प्लॅटिनचा पॅच, पीआरव्ही१११. कायटोसन या नैसर्गिक पॉलिमरच्या कणांत सिस्प्लॅटिन, एका बाजूने झिरपतं, लाळेकडच्या बाजूला न झिरपणारं अस्तर. २०२२ मध्ये छोट्या गटातले निकाल आले: आठवडाभरात गाठ सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आकसली, अंगभर विषबाधा नाही. रुग्ण फार थोडे, आणि नंतर शस्त्रक्रिया ठरलेलीच होती.

दोन्हींत एक गोष्ट समान, रक्तातून प्रवास नाही. कारण शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारा मध्यांक ०.७ टक्के, दहा वर्षांच्या प्राण्यांवरच्या निबंधांचा २०१६ मधला आढावा आहे. बाकी यकृत आणि प्लीहेला. धागाकर्त्याचं मत बरोबर आहे.

जबडातोड

थोडं विरजण घालतो. पॅच वरच्या थराचं काम करतो. गालाच्या आतलं आवरण ५०० ते ८०० मायक्रॉन जाड, ४०-५० पेशींचे थर. चट्टा किंवा अगदी उथळ गाठ ठीक. पण गाठीचे टप्पे ठरवणाऱ्या वर्गवारीच्या आठव्या आवृत्तीत ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली की टी२, १० च्या पुढे टी३. आपल्याकडचा रुग्ण येतो तेव्हा गाठ हाडाला टेकलेली आणि मानेत गाठी. पॅच मानेत पोचत नाही.

दुसरं, सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीने गाल आतून चामड्यासारखा झालेला, तोंड १५ मिलिमीटर उघडतं (३५ च्या खाली गेलं की आपण आखडलं म्हणतो). त्या फटीतून पॅच मागच्या दाढेपाशी बसवून दाखवा. सुईही तिरकी जाते, आणि दाट कोलॅजेनमध्ये द्रव पसरत नाही, सुईच्या वाटेने परत बाहेर येतो. २२ टक्के आकारमान ढकलायचं तर हा प्रश्न मोठा. उंदराच्या मऊ गाठीत हे कळतच नाही.

गोळीवाला

जबडातोड यांच्या मुद्द्याला पूरक: कायटोसनचं चिकटणं त्याच्या धन प्रभारावर. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मा प्रभार उतरतो) साधारण ६.५, लाळेचा पीएच ६.५ ते ७.५. म्हणजे लाळेत प्रभार उतरतो आणि चिकटपणाही. प्रयोगशाळेत १ टक्का अ‍ॅसेटिक आम्लात, पीएच ५ ला चाचणी करून 'उत्तम चिकटतं' लिहितात. शिवाय दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ. अस्तर नसेल तर औषध गिळलं जातं.

सह्यकडा

एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारे आरएनएचे तुकडे) भरून रॅड५१ किंवा ईआरसीसी१ बंद करण्याचं काय?

पेशीनाथ

कल्पना छान, पण लिपिड कणांतून पेशीत शिरलेल्या एसआयआरएनएपैकी एंडोसोममधून (कण आत घेणाऱ्या पेशीतल्या पिशवीतून) सुटणारा भाग एक-दोन टक्के. आणि ईआरसीसी१ मोजून रुग्ण निवडायचं म्हणाल तर फुप्फुसाच्या कर्करोगात ८एफ१ अँटिबॉडीने तोंडघशी पाडलंय. २०१३ मध्ये दिसलं की चार रूपांतली कामाची एकच आणि ती अँटिबॉडी त्यांना वेगळं ओळखतच नाही.

लेकीची_आई

तज्ज्ञ मंडळी, एक साधा प्रश्न. रेडिएशन चालू असताना नॅनो-करक्युमिनच्या गोळ्या द्याव्यात का? दुकानात 'कर्करोगविरोधी' म्हणून मिळतात.

जबडातोड

डॉक्टरांना न विचारता नाही. रेडिएशनचं बरंचसं काम ऑक्सिजनच्या मुक्त रेणूंतून होतं, आणि मोठ्या डोसची अँटिऑक्सिडंट्स तेच विझवतात. कॅनडात डोकं-मानेच्या रुग्णांना रेडिएशनबरोबर व्हिटॅमिन ई आणि बीटा-कॅरोटिन देऊन पाहिलं (२००५). तोंड येण्यासारखे त्रास थोडे कमी झाले, पण गाठ परत येण्याकडे कल वाढलेला दिसला. जेवणातली हळद चालू द्या. गोळीची बाटली पुढच्या खेपेला ओपीडीत सोबत न्या आणि दाखवा.

लेकीची_आई

धन्यवाद. नेते.

खडूफळा

आणि आपल्याकडे जुनंच औषध कणात भरलं तर परवानगी सोपी पडते का? औषध मान्यताप्राप्तच असतं ना.

गोळीवाला

नाही. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांत नव्या वितरणप्रणालीतलं औषध कायम 'नवं औषध'च धरलं जातं. त्याच वर्षी जैवतंत्रज्ञान विभागाची नॅनो-औषधांची मार्गदर्शक तत्त्वंही आली. कणाचा आकार, प्रभार, सुटण्याचा वेग, प्रत्येक बॅचमध्ये. महाविद्यालयात ५० मिग्रॅची बॅच छान जमते. ५० ग्रॅमला सोनिकेटर पुरत नाही, पद्धतच बदलते, आणि पद्धत बदलली की कणही बदलतो.

काथचुना

शेवटचं विचारतो, कारण व्यनित दोघांनी हेच विचारलंय. पदव्युत्तर प्रबंध, दीड वर्ष, पैसे बेताचे. ओलापॅरिबचे पीएलजीए कण आणि रेडिएशन, एवढाच विषय. किमान काय करावं?

रेणुका_बी

दोन पेशीरेषा, त्यातली एक गाल-हिरडीची. सोबत कर्करोग नसलेल्या त्वचेच्या केराटिनोसाइट, उदाहरणार्थ एचएकॅट. निरोगी पेशी किती वाचल्या हे न दाखवता निवडकतेचा दावा करू नये. गट चार नाही, पाच: काहीच नाही, रिकामे कण, मोकळं औषध, औषधाचे कण, आणि रिकामे कण अधिक मोकळं औषध. हा पाचवा गट सगळे गाळतात. प्रत्येक गट ०, २, ४, ६ ग्रे. वसाहती मोजणं मुख्य, गॅमा-एचटूएएक्स अर्धा आणि २४ तास. कॉन्फोकल नसेल तर साधा फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकही चालतो. एमटीटी फक्त डोस ठरवण्यापुरतं.

भौतिकी_मास्तर

आणि लिनॅकवर पेशींची प्लेट नुसती टेबलावर ठेवून किरण देऊ नका. ६ मेगाव्होल्टला पूर्ण मात्रा दीड सेंटिमीटर खोलीवर मिळते. प्लेटच्या खाली-वर घन पाण्याच्या पाट्या लावा, कप्प्यांमधली हवा लक्षात घ्या, जमलं तर किरण खालून द्या. रुग्णालयातल्या फिजिसिस्टला आधी भेटा. संध्याकाळी यादी संपल्यावर वेळ देतात.

शंकासुर

पेशी आल्या की पहिल्या आठवड्यात एसटीआरला पाठवा. पीएलजीएची ऑर्डर त्याचा अहवाल आल्यावर.